थोरल्या साहेबांच्या गालावरचा तीळ

सकाळचा दुसरा चहा गाळून झाला होता आणि पेंटरकाका बनियनवरच ओट्यापाशी उभे राहून डब्याच्या झाकणावर झोकदार अक्षरांत ‘साखर’ रंगवत होते. हाताला काम नसलं की ते घरातल्या वस्तूंवर उतरत. काकू म्हणायच्या, आता माझ्या कपाळावर ‘बायको’ लिहायचं तेवढं राहिलंय. तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक लेखिका उभी होती. थोरल्या साहेबांच्या घराण्यावर कादंबरी लिहीत होती. नावं बदलून, पण कुणालाही ओळखू येईल अशी. आधी थोरले साहेब, मग त्यांचे चिरंजीव मधले साहेब, आता नातू धाकटे साहेब. किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेचा सुनेच्या कमरेला यावा, तशी सत्ता घरातल्या घरात फिरलेली. आणि तिघांच्याही डाव्या गालावर तीळ. कादंबरीचा सगळा डोलारा त्या तिळावर उभा होता: रक्तातून उतरलेली खूण. थोरल्या साहेबांचा पहिला फलक काकांनी रंगवला हे कळल्यावर ती विचारायला आली होती, साहेब जवळून कसे दिसायचे?

“जवळून?” काका हसले. “मी त्यांना शिडीवरून बघितलंय. तेही खालून मोटार जाताना.”

मग चहा घेता घेता गोष्ट निघाली. पक्षाच्या कचेरीतून काडेपेटीएवढा फोटो आला होता. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, फळीवर मोठे, आणि या चौकोनात जे दिसेल ते त्या चौकोनात उतरवायचं, ही काकांची रीत. यात आपलं डोकं चालवायचं नाही, असं उस्तादांनी बजावलेलं. गालाच्या चौकोनात एक काळा ठिपका होता. काकांनी तो उतरवला. दोन मजली चेहऱ्यावर तो बशीएवढा झाला. फलक चढला, आणि फोटो परत द्यायचा म्हणून काकूंनी तो ओल्या बोटाने पुसला, तर ठिपका बोटावर आला. माशीची घाण.

“म्हटलं, आता यांना पोलीस नेणार,” काकू म्हणाल्या. “मी डबासुद्धा भरून ठेवला होता.”

पोलीस आले नाहीत, आणखी फलकांचं काम तेवढं आलं. पुढे साहेबांची मैदानात सभा झाली. काका गर्दीत पार मागे उभे होते. शेजारचा माणूस म्हणाला, बघा, अगदी फलकावरच्यासारखेच दिसतात. आणि खरंच, लांबून गालावर काहीतरी काळं दिसत होतं. तीळ, का सावली, का काजळ, ते तेवढ्या लांबून कळेना. मधले साहेब निवडणुकीला उभे राहिले तेव्हा फोटोत गाल कोरा होता. कचेरीतल्या माणसाने सांगितलं, वडिलांसारखाच काढा, तिळासकट. नंतर सभांत त्यांच्या गालावरही दिसू लागला. धाकट्यांचे फलक तर छापील, काकांचा ब्रश त्यांना लागलेलाच नाही. तीळ मात्र जिथल्या तिथे.

लेखिकेने पेन खाली ठेवलं. असं असेल तर माझं पुस्तकच उलटं होतं, म्हणाली. काकांना वाईट वाटलं.

“लगेच उलटं कशाला? असेलही त्यांना तीळ. माशी नेमकी जागेवर बसली असेल.”

“माशीला बरं कळलं,” काकू म्हणाल्या.

एरवी या गोष्टीवर काका पोट धरून हसत. आज हसले नाहीत. बोटाला लागलेला रंग अंगठ्याने खरवडत राहिले. वय झालं तशी शिडी सुटली होती, फलक केव्हाच उतरले होते, मागे एवढा एकच प्रश्न राहिला होता. आपण जन्मभर त्या घराची नक्कल केली, का त्या घराने आपली?

निघताना लेखिका सहज बोलून गेली, की उद्या सकाळी धाकट्या साहेबांनी तिला बंगल्यावर बोलावलंय. काका खुर्चीत पुढे सरकले.

“मग माझं एक काम करा. त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि तीळ जन्माचा आहे का काढलेला, तेवढं बघा. पुस्तकात काय हवं ते लिहा. मला फक्त येऊन सांगा.”