संत्रं हललं नाही

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून संत्रं काढून फरशीवर ठेवायचे. संत्रं घरंगळलं की घर नापास. माझ्यासाठी मुलगी पाहायला अकोल्याला गेलो, तिथंही ठेवलं. ते थेट मुलीच्या पायाशी जाऊन थांबलं. "घर उतरतं हाय, पोरगी सरळ हाय," असा निकाल देऊन त्यांनी पोहे मागवले. लग्न झालं, बरं का!

या नादाला कारण होतं. वलगावचं आमचं घर काळ्या मातीवरचं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, अन् भिंतीही तिच्यासोबत फाटतात. भेगा लिंपून लिंपून त्यांची बायको, आमची मोठीआई, वैतागली. एक दिवस तिनं ठणकावलं, "जिथं तुमचं संत्रं हलनार नाही, असं घर द्या. नाहीतर मी चालली शेंदूरजनाघाटले, भावाकडे!"

आणि या गृहस्थांनी जागा कुठं घ्यावी? शेंदूरजनाघाटलाच, मेव्हण्याच्या संत्र्याच्या बागेमागं, टेकडीवर! बायको रुसून माहेरी गेली तरी घरीच राहील, हा हिशेब. खाली पक्का मुरूम होता, कबूल. पण उतार असा की नुसतं उभं राहायचं तरी एक गुडघा वाकवावा लागे.

"लोखंडी खांबावर उभं करू. मांगचे पाय आखूड, पुढचे लांब." अमरावतीच्या इंजिनीअरला हे पटवायला त्यांनी मोठीआईच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचे दोन पाय करवतीनं कापले, ते टेकडीवर नेऊन मांडलं आणि वर बसले. इंजिनीअर म्हणाला, "काका, खांबांना तिरपे आधार लागतील." "काहून? याले कुठं हायेत?" म्हणून मोठेबाबा ऐटीत पुढं झुकले आणि स्टुलासकट बागेत पोचले. तिरपे आधार तिथंच मंजूर झाले. मोठीआईनं मात्र ते लंगडं स्टूल पाहून आठवडाभर अबोला धरला.

वास्तुशांतीच्या दिवशी ती दारातच अडून उभी राहिली. "आधी संत्रं!" मोठेबाबांनी खिसा चाचपला. नव्या कुडत्याच्या गडबडीत संत्रंच विसरले होते. माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नाही. मग मोठीआईनंच आपल्या पिशवीतलं एक काढून दिलं. त्यांनी ते हॉलच्या मधोमध ठेवलं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. संत्रं हललं नाही. मोठेबाबा लहान मुलासारखे रडले आणि मोठीआई उजवं पाऊल टाकून आत आली.

आता ते नाहीत. परवा माझ्या पोरीनं त्याच जागी चेंडू ठेवला, तर तो सावकाश स्वयंपाकघराकडे निघाला. मी मोठीआईकडे पाहिलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"मोठीआई, हे कसं काय?"

"संत्रेवाल्याची पोर हाय मी. बुडाशी चपटं कोनतं, ते मले कळत नाही का? अख्खा ढीग उपसला होता त्या सकाळी."

मी हसायला लागलो, तशी तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहून पदर सावरला.

"हळू हास ना बाप्पा. ते आयकतीन."