जहाजांचा काळ की किल्ल्यांचा

माझा थोरला भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तीस वर्षं. नखांत कायम पांढरी भुकटी. रविवारी दुकान बंद असलं की दुपारी घराच्या मागच्या खोलीत गोष्टीचा खेळ मांडून तो राजा, राक्षस, चेटकीण, वादळ, सगळं एकटाच व्हायचा. खेळणारे आम्ही तिघं: वहिनी, दादाचा मित्र कंपाउंडर आणि मी. प्रत्येकाचं एक पात्र कागदावर लिहिलेलं. आपण फासे टाकायचे आणि पुढे काय झालं ते दादानं सांगायचं. वहिनी चोर, कंपाउंडर जादूगार. मी नेहमी कप्तान, कारण कुणाचं ऐकून घ्यायची मला सवयच नाही.

नवी मोहीम, म्हणजे खेळातली नवी गोष्ट, कुठल्या काळात घडवायची ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, असा नियम होता. एकानं जरी नाही म्हटलं तरी तो काळ बाद. नियम माझाच.

त्या खेपेला मी जहाजांच्या काळावर अडून बसले. कंपाउंडरला हवे होते किल्ले आणि चिलखतं.

"जहाजात मला मळमळतं," तो म्हणाला.

"अरे, कागदावरचं जहाज आहे ते!"

"कागदावरही मळमळतं."

दादा पोट धरून हसला. मग म्हणाला, "छोटे, ठरवा ना गं लवकर. मला तयारी करायचीय."

"एवढी कसली घाई? समुद्र काय आटतोय?"

हे मी म्हणाले. माझ्या या तोंडानं.

डॉक्टरांनी दादाला दोन महिने सांगितले होते. ते फक्त वहिनीला ठाऊक होतं, आणि तिला त्यानं शपथ घातली होती. तो वाळलाय हे मला दिसत होतं. विचारलं, तर पित्त म्हणाला, आणि मी ते खरं मानलं.

पुढच्या रविवारी त्यानंच तोडगा काढला. "पहिला छापखाना निघाला तो काळ घेऊ? जहाजंही आहेत, किल्लेही आहेत." कंपाउंडर कबूल झाला. मी नाही म्हणाले. मला अर्धंमुर्धं काही नको होतं.

वहिनी ताडकन उठली. "हो म्हणा ना एकदाचं! काहीही असू दे, पण सुरू करा!"

एरवी ती आवाज चढवायची नाही. मला वाटलं, माझ्यावरच डाफरली. मी फुगून दोन रविवार तिकडे फिरकले नाही. दादानं दोनदा फोन केला, मी उचलला नाही.

तिसऱ्या रविवारी दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन आला, तेव्हा मला सगळं कळलं. धावत गेले. दादाचा हात हातात घेतला, तर नखं स्वच्छ होती.

"छापखाना चालेल, दादा. मी हो म्हणतेय."

त्यानं डोळे किलकिले केले. "कंपाउंडरला परत विचार," म्हणाला. "सगळ्यांचं हो लागतं."

कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून रडत होता. दादा मंगळवारी गेला.

महिन्याभरानं वहिनीनं त्याची वही माझ्यापुढे ठेवली. आम्ही काय ठरवू याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं तिन्ही काळांची तयारी करून ठेवली होती. शेवटच्या पानांवर अक्षर पार वाकडं झालेलं. सुरुवात तिन्हीकडे एकच: एक म्हातारा कप्तानाची वाट बघत उभा आहे. कुठे धक्क्यावर, कुठे किल्ल्याच्या दाराशी, कुठे छापखान्याच्या पायरीवर.

आणि तिन्हीकडे खाली, स्वतःसाठी, त्यानं लिहून ठेवलं होतं: 'छोटी उशिरा येईल. रागवायचं नाही.'