चार्जिंगच्या रांगेतल्या चपला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजूनही तापतं. आणि डोकं तापलं की मी काय माती खातो, तेच तर सांगायचंय!

माझ्या भाचीचं, मृदुलाचं लग्न. कार्यालय बोम्मसंद्राच्या पुढे, आम्ही बेंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीचे. मी मुलीचा मामा, तोही एकुलता एक. मामाच पोचला नाही तर मुलीला अंतरपाटापर्यंत आणणार कोण? गाडीत मागे माझी आई, तिच्या मांडीवर रुखवतातला साखरेचा बंगला आणि आजूबाजूला चिरोट्या-करंज्यांचे डबे.

गाडी इलेक्ट्रिक. हौसेनं घेतलेली! नेमकी आदल्या संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली आणि गाडी अर्धपोटीच राहिली. बायको म्हणाली, "टॅक्सी करा." मी म्हणालो, "वाटेत पावलोपावली चार्जर आहेत. पेपर वाचत जा जरा!"

ती शहाणी. ती आदल्या दिवशीच कार्यालयात राहायला गेली.

पहिल्या चार्जरचा पडदा काळा ठिक्कर. दुसऱ्यासमोर कुणी महाभाग पेट्रोलची गाडी लावून इडली खायला गेलेला. तिसऱ्याला त्याचंच ॲप पाहिजे, ॲपला ओटीपी पाहिजे, आणि ओटीपी काही केल्या येईना. अहो, चार्जर वाढवले, वाढवले म्हणून टिमकी वाजवता, मग ते चालतात की नाही हे बघणारी माणसं कोण वाढवणार? माझा बाप?

"केश्या, स्वल्प हळू बोल," आई म्हणाली. "बंगला हलतोय."

होसूर रोडवरचा चौथा चार्जर मात्र चालू होता. तोवर गाडी लाल दिवे दाखवून रडायला लागली होती. पण बघतो तर काय, चार्जिंगच्या सगळ्या गन टॅक्सींना लावलेल्या! ऑफिसच्या माणसांची ने-आण करणाऱ्या त्या कंपनीच्या टॅक्सी असतात ना, त्या. आणखी कितीतरी टॅक्सी झाडाखाली उभ्या, त्यांचे ड्रायव्हर आपापल्या गाडीत पाय वर करून पहुडलेले.

"हा सार्वजनिक चार्जर आहे का यांचा तबेला?" मी ओरडलो. कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

चार्जरसमोर जमिनीवर चपला पडल्या होत्या. एकेका पायाच्या, एकामागे एक, आणि त्यातली एक चक्क उलटी! आईची नजर नेमकी तिच्यावर गेली. आमच्या घरी उलटी चप्पल म्हणजे भांडणाला आवतण.

"आधी ती सुलटी कर. शुभकार्याला निघालोय आपण."

मी सुलटी केली. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण डोकं तापलेलं, त्यात हाताला काही काम नाही. म्हटलं, या लोकांना शिस्त म्हणजे काय ते दाखवतोच. सगळ्या चपला उचलल्या आणि भिंतीकडेला लावल्या. मोठी, तिच्याशेजारी जरा लहान, मग आणखी लहान. काय झकास दिसत होतं!

एवढ्यात एक टॅक्सी भरली, गन मोकळी झाली आणि पलीकडून एक ड्रायव्हर एका अनवाणी पायानं आला.

"नन्न चप्पलि येल्लि?"

"ती बघा, तिकडे," मी ऐटीत म्हणालो. "नीट लावून ठेवलीय."

त्यानं कपाळावर हात मारला. मग दुसरा आला, तिसरा आला, एकेका गाडीतून एकेक उतरला, आणि प्रत्येकाचा एक पाय अनवाणी! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या चपला नव्हत्या हो, ती रांग होती! ज्याची चप्पल पुढे, त्याचा नंबर पुढे. आणि मी ती मापाप्रमाणे लावून ठेवली होती!

मग जो गोंधळ उडाला! "मी पहिला!" "तू कुठला, तू माझ्या मागून आलास!" माफी मागून बाजूला व्हायचं की नाही? छे! मी भांडणाच्या मधोमध उभा राहिलो आणि आवाज चढवला.

"पुन्हा रांग लावा! आणि नियम सगळ्यांना एकच! ज्याची चप्पल रांगेत, त्याचा नंबर. चप्पल नाही, तर नंबर नाही. कुठलीही सबब चालणार नाही!"

आणि मोठ्या बाणेदारपणे माझी स्वतःची उजवी चप्पल सगळ्यात शेवटी ठेवली. मग घड्याळ बघितलं. मुहूर्त चुकणार! मृदुला हार घेऊन बसलेली आणि मामा इथे चपला मोजतोय!

तेवढ्यात आईनं काच खाली केली आणि कानडीत शांतपणे सांगितलं, "अप्पा, आज बोम्मसंद्राच्या पुढच्या कार्यालयात याच्या भाचीचं लग्न. हा मुलीचा सोदर मावा."

सगळे भांडण सोडून माझ्याकडे वळले. कानडी लग्नातही मामाशिवाय पान हलत नाही.

"अय्यो, मोदलेच, आधीच सांगायचं ना, अज्जी!" ज्याचा नंबर पहिला होता तो नागराज म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं गन माझ्या गाडीला लावली. म्हणजे आल्या आल्या नीट तोंडानं विचारलं असतं, तर केव्हाच काम झालं असतं! मी आभार मानले? नाही. नुसतं "हं" केलं. पोचण्यापुरता चार्ज झाल्यावर एक चप्पल पायात होतीच, दुसरी रांगेतून उचलली आणि गाडी दामटली.

गुरुजी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" असं पुकारत होते, तेव्हा मी धापा टाकत दारात चपला काढत होतो. पण पोचलो! मृदुलाचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

जेवणं झाली. चपला घालून मी दारात पान खात उभा होतो. नव्या व्याह्यांनी उशिराचं कारण विचारलं आणि मी सुटलो.

"अहो, ते टॅक्सीवाले! रांगेची शिस्त म्हणून नाही! दुसऱ्याचा नंबर ढापायला टपलेले नुसते!"

तोच समोर एक बाइक थांबली. मागून नागराज उतरला, एक पाय अनवाणी, हातात चप्पल.

"सार, ही तुमची. माझी तुम्ही घालून आलात."

मी खाली बघितलं. डावी माझी. उजवीला मोच्याचं ठिगळ. दोन्ही काळ्या, पट्ट्याच्या, निम्मं बेंगळूर घालतं तसल्या.

"अरे, एका चपलेसाठी एवढ्या लांब आलास? नवा जोड घेऊन दिला असता!"

"चपलेचं काय घेऊन बसलात, सार! तुमचाच नियम, चप्पल नाही तर नंबर नाही. बाकीच्यांनी मला शेवटी टाकलंय. दुपारची ट्रिप गेली. माझा नंबर तुमच्या पायात आहे!"

व्याह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. मग अगदी अदबीनं विचारलं, "हां, तर तो नंबर ढापणारा कोण म्हणालात?"