तिसरी पाटी

आमच्या शाळेच्या मैदानाला लागून बॅटी ठेवायची खोली आहे. तिच्या भिंतीवर दोन लाकडी पाट्या आहेत. एकीवर हाताकेयामा, दुसरीवर ओनोदेरा. दोघंही शाळेच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक, आणि दोघांनीही संघाला कोशिएनला, म्हणजे उन्हाळ्यातल्या देशभरच्या शालेय स्पर्धेला नेलेलं. या मार्चमध्ये त्यांच्यानंतरचे प्रशिक्षक कुरामोची मास्तर निवृत्त होतायत. त्यांची तिसरी पाटी लावायची की नाही, एवढं ठरवायला आम्ही एकोणीस माजी खेळाडू सोबा शेवयांच्या खानावळीत वरच्या मजल्यावर जमलो. तिथं जे ऐकलं त्यानं माझं डोकं अजून तापलेलं आहे.

अध्यक्ष तोगाशी. माझ्याच तुकडीतला, मी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि तो माझा कॅचर, झेलणारा. त्यानं बसल्या बसल्या निकालच देऊन टाकला. "हाताकेयामा सेन्सेईंनी एकदा नेलं. ओनोदेरा सेन्सेईंनी दोनदा. या कुरामोचींनी सत्तावीस वर्षांत काय केलं? मैदान झाडलं!"

सगळे खो खो हसले.

मैदान झाडायचे हे खरंच. पोरं घरी गेली की एकटेच माती सारखी करत बसायचे. माणूस रुक्ष. भूगोल शिकवायचे, तोही झोप आणणारा. शाबासकी म्हणून कुणाला दिली नाही. हातात देवळातली गर्दी मोजायचं असतं तसलं टिकटिक यंत्र, त्यावर पिचरची प्रत्येक फेक मोजायचे आणि शंभर झाल्या की त्याला बाहेर बसवायचे. मग सामना गेला खड्ड्यात.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्याची अंतिम फेरी होती. एक सामना जिंकला की कोशिएन. आमचा पिचर सावाकी आदले दोन दिवस फेकत होता, म्हणून मास्तरांनी त्याला बाकावर बसवलं. आम्ही अकरा-एक हरलो. गाव त्यांच्या नावानं थुंकलं. आणि प्रेक्षकांतून "भित्रा! भित्रा!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? मी. माझी मला आज चीड येते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे माझ्या दुकानात तोफू घ्यायला आले. मी तोंड फिरवून तोफू बांधला. जाताना मला म्हणाले, "युसा-सान, थंडीत खांदा दुखतो का हो?"

मी उसळलो. "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही," म्हणाले आणि गेले. इतक्या वर्षांत हे विचारणारा तो एकटा माणूस. ओनोदेरांनी कधी विचारलं नाही. त्यांच्यासाठी मी जिल्ह्याच्या स्पर्धेत पाच दिवसांत सहाशेच्या वर चेंडू फेकले. कोशिएनला पहिल्याच सामन्यात हरलो, हरलेल्या पोरांच्या रिवाजाप्रमाणे रडत रडत तिथली माती बुटांच्या पिशवीत भरून आणली, आणि पुढं तीस वर्षं ती बरणीतून गिऱ्हाइकांना दाखवत बसलो. गाढव नुसता!

सभेत सावाकी उठला. आता तो अग्निशमन दलात आहे. "मी दहा वर्षं मास्तरांशी बोललो नाही," तो म्हणाला. "अजूनही वाटतं, मी फेकलं असतं तर जिंकलो असतो."

"ऐका, ऐका!" तोगाशी म्हणाला.

"पुढचंही ऐका की. रविवारी मी मुलीबरोबर दोन तास चेंडू खेळलो. पाटी लावा."

तोगाशीनं हात झटकला. "हे आजकालचे लाड. आमचा युसा बघा! पाच दिवस फेकला, तोंडातून शब्द काढला नाही. काय रे युसा?"

एरवी मी छाती फुगवली असती. त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "शब्द काढला नाही? चौथ्या दिवशी तुला सांगितलं होतं, खांद्यात काहीतरी तुटलंय. तू काय म्हणालास?"

तोगाशीनं समोरचा कागद पुढं ओढला.

"म्हणालास, सेन्सेईंना सांगू नकोस, मोसम वाया जाईल. आठवतंय का आठवण करून देऊ?"

"ते दिवस वेगळे होते रे," तो पुटपुटला, आणि घाईघाईनं म्हणाला, "चला, मत घेऊ. पाटी नको म्हणणारे?"

नऊ हात वर झाले.

"लावा म्हणणारे?"

सावाकीचा हात गेला, मग एकेक करत बाकीचे. एरवी सभेत मी डावाच हात वर करतो. त्या दिवशी उजवा केला. तोगाशी मोजत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"नऊ. युसा, नीट वर कर की. तुझं आहे का नाही, कळत नाही."

माझा हात छातीपाशीच अडकला होता.

"एवढाच जातो," मी म्हणालो. "तुला धरायचा असेल तर धर."

तोगाशी माझ्या हाताकडं बघत राहिला, आणि मग मान खाली घालून त्यानं कागदावर दहा लिहिलं.