वासाचा भात आणि आमची ग्रँट

आमच्या बॉटनी डिपार्टमेंटात कपाटं कागदांनी भरलीत. पण चार वाजता चहा आला, की कागदांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. संशोधनासाठी बाहेरून ग्रँट आणायच्या नादाला लागल्यापासून तर विचारू नका!

हा नाद लावला आमच्या हेडनी, देसाई सरांनी. रिटायर व्हायला चार वर्षं राहिलेली. त्या वयात लोक पेन्शनचे कागद जमवतात, सरांनी प्रपोजल लिहायला घेतलं. विषय, आपल्या बेळगाव-खानापूर भागातले जुने वासाचे भात. बावीस पानं नुसतं भाताचं कौतुक! अर्थातच नकार आला. परीक्षकांनी खाली एकच ओळ लिहिली होती, ‘वाचून भूक लागली, पण तुम्ही नेमकं करणार काय?’

स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. सर म्हणाले, “हसा की! पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता रं!”

आणि त्याच दिवशी नव्यानं लिहायला बसले.

*

दुसऱ्या खेपेला मुलाखतीपर्यंत मजल गेली. बेंगळूरला मी आणि सर दोघंही गेलतो. समितीतल्या एका साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “इतक्या छोट्या कॉलेजला आम्ही पैसे का द्यावेत?”

सर शांतपणे म्हणाले, “कारण भात आमच्याकडं आहे. तुमच्याकडं नुसते पैसे आहेत.”

मी डोळेच मिटले! उघडले तेव्हा साहेब हसत होते. ग्रँट मिळाली.

*

पहिल्यांदा आले ते नवे मायक्रोस्कोप. त्याआधी सगळ्या बॅचला मिळून एकच होता, तोही रबर बँडनं बांधलेला. हिंडलग्याहून येणारी एक विद्यार्थिनी नव्याला डोळा लावून बसली, ती उठेचना.

“अगं, तास संपला.”

“सर, खरं सांगू? आजवर मला जुन्यातलं काहीच दिसलं न्हाय. शेजारणीचं बघून चित्रं काढायची मी.”

त्या सगळ्या चित्रांखाली ‘उत्तम’ असा शेरा होता. अक्षर माझं!

*

मग आली बियाण्याची खरेदी. ऑफिसातले क्लार्क कन्नडमध्ये म्हणाले, “मूरू कोटेशन बेकु.” म्हणजे तीन कोटेशन हवीतच. आता ते जुनं बी अख्ख्या खानापूर तालुक्यात आम्हाला एकाच म्हाताऱ्या अण्णांकडं सापडलेलं. तीन कुठून आणायची?

मी अण्णांना अडचण सांगितली. ते म्हणाले, “त्यात काय हाय? एक माझं लिवा, एक बायकोचं. तिसरं भावाचं लिवा, पर त्यो माझ्याशी बोलत न्हाय. तेवढं तुमीच मागून घ्या!”

शेवटी अण्णांनी ओंजळभर बी रुमालात बांधून फुकटच दिलं आणि वर भाताची खीर खायला घातली. खिरीचं कोटेशन कुणी मागितलं नाही.

*

पण सगळ्यात लाडका किस्सा लक्ष्मीचा. येळ्ळूरची पोरगी, एम.एस्सी.ला पहिली आलेली. प्रोजेक्टवर तिला फेलो म्हणून नेमलं. चार-पाच महिन्यांत, भात लोंबीला आलं तेव्हा, तिचे वडील, आप्पा, डिपार्टमेंटात हजर. लक्ष्मी दारातच थांबली, चेहरा पडलेला.

“सर, पोरगीला स्थळ आलंया. चांगलं हाय. ह्ये तुमचं काम सोडाय लागंल.”

सर म्हणाले, “आप्पा, आधी ती काय करायलीय ते तरी बघा.” मग लक्ष्मीनं वडिलांना कॉलेजमागच्या भाताच्या प्लॉटवर नेलं. एकेक वाफा दाखवत ती जातींची नावं सांगत गेली. एका वाफ्यापाशी आप्पा खाली बसले. लोंबी हातावर चोळली, वास घेतला.

“ह्ये माझी आई लावायची. गेलं म्हणत हुतो मी. तुला कुठं गावलं गं?”

“हुडकलं, आप्पा.”

आप्पांनी ती लोंबी खिशात घातली. मग उठून सरांकडं आले. “तुमचं ह्ये किती वर्सं चालायचं?”

“तीन वर्षं.”

आप्पांनी तिथंच फोन लावला. “पावनं, तीन वर्सं थांबायची तयारी आसली तर थांबा. न्हायतर दुसरी पोरगी बगा. आमची कामात हाय!”

तीन वर्षं संपत आली. लक्ष्मीचा पहिला पेपर छापून आला. पाहुणेही थांबलेले. आम्ही लग्नपत्रिकेची वाट बघायलो होतो. एक दिवस आप्पा आले, हातात काहीच नाही. खुर्चीच्या कडेला बसले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“सर, ह्ये ग्रँट... आजून तीन वर्सं वाढवून मिळतंय काय?”