फिलियासच्या जेरारचा थेओफान

बेचाळिसाव्या वर्षी झेलिया दुगे शहरातली नोकरी सोडून गावात परत आली आणि बंद पडलेल्या केशकर्तनालयात तिने कवळ्यांचं दुकान थाटलं. गावाने आधी तिला वेड्यात काढलं, मग काचेला नाक लावून आत बघून घेतलं. बघणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या आमच्या या उत्तर किनाऱ्यावर पूर्वी मुलीचं लग्न ठरलं की बाप तिचे सगळे दात उपटून नवीकोरी कवळी बसवून द्यायचा, म्हणजे पुढे जावयाला तोशीस नको. पुरुषांचे दात काकवी खाऊन खाऊन जायचे. तेव्हा गिऱ्हाइकांची वाण नव्हती. अडत होतं ते झेलियाच्या एका अटीपाशी. कवळीत ती वापरणाऱ्याचं नाव घातल्याशिवाय ती कवळी देणार नव्हती.

ही अट ती शाळेत शिकली नव्हती. ती अकरा वर्षांची असताना बापाची बोट बुडाली. बोटीवर तिघे होते, त्यातला एकच सहा आठवड्यांनी किनाऱ्याला लागला आणि ओळखण्यासारखी त्याची फक्त वरची कवळी उरली होती. तिघी बायकांनी ती पाहिली आणि तिघींनीही तो माझाच म्हणून सांगितलं. शेवटी एका क्रुसावर तीन नावं लिहिली गेली. झेलियाची आई मरेपर्यंत दर रविवारी तिथे जायची आणि त्या दोघींशी एक शब्द बोलायची नाही. दुसरीच्या माणसासाठी रडतेय की काय, ही शंका तिला जन्मभर पुरली.

झेलियाने शहरात एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कवळ्या घासल्या. दातांचे ठसे खोक्यांतून यायचे, ते ज्या तोंडांचे ती तिला कधी दिसायची नाहीत. मग तिने तीन वर्षं पुन्हा बाकावर बसून शिक्षण घेतलं आणि माणसाच्या तोंडात हात घालायचा परवाना मिळवला. सगळं केलं ते या गावासाठी. आणि गाव म्हणत होतं की नाव घातलेली कवळी म्हणजे समुद्राला दिलेला पत्ता. पहिल्या तीन महिन्यांत एक म्हातारी नन तेवढी आली. तिला बोटीत बसायचंच नव्हतं.

मार्चमध्ये थेओफान आला. खेकड्यांच्या बोटीचा कप्तान, वय बासष्ट, धक्क्यावर त्याचा शब्द चालायचा. त्याची जुनी कवळी बोलताना खाली पडायची आणि तो ती जिभेने वर ढकलत शिव्या द्यायचा. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने सांगून टाकलं, "पोरी, दात दे. नाव माझ्याजवळच राहू दे."

हा परत गेला तर दुकानाला कुलूप लागणार, हे झेलियाला दिसत होतं. तिने होकाराची मान हलवली. ठसा घेतला, मेणावर दात लावून चावून बघायला दिले, त्याच्या हसण्याला शोभतील असे थोडे वाकडे बसवले. आणि शेवटी टाळूच्या मागच्या भागात, गुलाबी थराच्या आत, नावाची कागदाची बारीक पट्टी दडवली. आपण फसवतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी तिचा हात थांबला नाही.

थेओफान धक्क्यावर हसला आणि आठवडाभरात दुकानासमोर रांग लागली. थेओफानची धरून तिने अकरा कवळ्या केल्या आणि प्रत्येकीत नाव दडवलं.

मोसमातल्या पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी, सकाळीच, थेओफान रुमालात पुरचुंडी घेऊन आला. धुताना कवळी मोरीत पडली होती आणि बरोबर पट्टीच्या रेघेवर दुभंगली होती. कागदाचं टोक बाहेर आलं होतं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बाकीच्यांच्याही?" त्याने विचारलं.

"हो, काका."

तो खिडकीपाशी गेला. खाडीतलं बर्फ अजून पुरतं हटलं नव्हतं आणि धुकं होतं.

"मी धक्क्यावर बोलणार नाही. उद्या माणसं घाबरून बोटीत चढायला नकोत. माझी जोडून दे, पण नाव काढून. मला शब्द दे."

तिने शब्द दिला, आणि या वेळी तो पाळायचं ठरवूनच दिला. पट्टी खरवडून काढली, फट भरली, कवळी घासून गुळगुळीत केली.

दुपारी कवळी न्यायला त्याची बायको ओदेली आली, तीही मागच्या दाराने. तिने कवळी उजेडात धरून आतून-बाहेरून बघितली आणि खुर्चीत बसली.

"नाव परत घाल."

"काकू, मी त्यांना शब्द दिलाय."

"तुझ्या आईला मी तीस वर्षं त्या क्रुसापाशी बघितलंय," ओदेली म्हणाली. "त्याला शब्द हवा असेल. मला माझा माणूस हवाय."

झेलियाने कवळी पुन्हा कोरायला घेतली. नव्या पट्टीवर तिने लिहिलं, टी. दुगे. ओदेलीने चष्मा लावून वाचलं आणि पट्टी परत दिली.

"शहरात राहून विसरलीस का गं? अर्धं गाव दुगे. थेओफान चार आहेत, त्यातले आणखी दोघे माझ्याच नवऱ्याच्या बोटीवर. हे वाचून कुणाच्या दारात आणून ठेवतील?"

झेलियाने अकराही कवळ्यांत असंच लिहिलं होतं, नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, अगदी सरकारी कागदावर लिहितात तसं. गावात त्या नावाने कुणी कुणाला हाकही मारत नव्हतं, आजा आणि बाप जोडूनच माणूस ओळखला जायचा. बाकीच्या दहा कवळ्या दहा तोंडांत होत्या आणि बोटी पहाटे सुटणार होत्या. ओदेलीला तिने यातलं काही सांगितलं नाही. दुसरी पट्टी घेतली आणि जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं, फिलियासच्या जेरारचा थेओफान.

पहाटे पाद्र्याने बोटींवर पाणी शिंपडलं. धुक्यात पलीकडचा दिवाही दिसत नव्हता. थेओफानने कठड्यावरून झेलियाला हाक मारली आणि नाव काढलेले दात दाखवतोय अशा समजुतीने तोंड भरून हसला. त्याच्या मागे दोर सोडवणारे दोघेही हसले. दोघेही थेओफान, दोघांच्याही कवळीत टी. दुगे.

ओदेली बोटीकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या शेजारी दुसऱ्या दोघांच्या बायका उभ्या होत्या, आणि झेलियाला त्यांच्याकडे बघवलं नाही.