आम्ही मँगनीजमधली माणसं

आमच्या ऑफिसात दगड ठेवायला आता जागा उरलेली नाही. कपाटं भरली, कपाटांच्या डोक्यावरची जागा भरली, हल्ली जिन्यातही खोकी असतात. पण दगडांपेक्षा जास्त साठलेत ते किस्से. दगड निदान वर्षातून एकदा टाकून तरी देता येतात. किस्से कोण टाकून देणार? उलट चहाच्या वेळी रोज कुणीतरी एक बाहेर काढतंच, आणि दर वेळी त्याचं वजन थोडं वाढलेलं असतं! म्हटलं, आणखी फुगायच्या आत लिहून ठेवावेत.

कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर ठोकाठोक, वरही दिवसभर ठोकाठोक. आमचा धंदा मँगनीजचा. म्हणजे खाण आमची नाही. पोलाद करायला मँगनीज लागतं, आणि ते ज्या काळ्या दगडात असतं तो देशात कुठे सापडला, की तिथे जायचं, तो किती आहे, कसा आहे, खणण्याजोगा आहे की नाही, ते बघून सांगायचं. त्यामुळे भंडारा, बालाघाट, ओडिशा, आंध्र, राजस्थान असं आमचं सारखं फिरणं चालू.

आम्ही चौघं. दिघे सर आमचे प्रमुख. नीलाताई केमिस्ट, त्या दगड कुटून त्यात काय आहे ते सांगतात आणि माणसांचं न कुटताच सांगतात. मेश्राम भंडारा जिल्ह्यातला, तुमसरकडचा. आणि चौथी मी, मंजिरी.

*

मेश्रामच्या इंटरव्ह्यूपासूनच सुरुवात करते.

बिचारा अठरा तासांचा प्रवास करून आलेला. सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, तो मराठीत अडखळला. सरांनी मराठीत विचारले, तर तो घाबरून इंग्रजीत अडखळला! शेवटी सरांनी कपाटातून पाच दगड काढून टेबलावर ठेवले. पाच प्रांतांतले मँगनीजचे नमुने. म्हणाले, "ओळखा."

मेश्रामने एकेक दगड हातात घेऊन तोलला. चेहरा एकदम निवळला.

"हा आमच्याकडचा आहे जी. आमच्या शाळेत खडू संपला की मुलं यानंच भिंतीवर लिहायची. हा ओडिशाचा. हा आंध्रातला असंल. हा राजस्थानचा."

चारही बरोबर. पाचवा मात्र त्याने दोनदा तोलला आणि बाजूला ठेवला.

"हा हलका लागते, सर. हा दगडच नाही. भट्टीतला मळ आहे हा. धातू वितळवल्यावर वर राहते तो."

नीलाताईंनी सरांकडे पाहिलं. कारण तो पाचवा दगड सरांना त्यांच्या गुरूंनी दिलेला होता. वीस वर्षं काचेच्या कपाटात, मखमलीवर! नीलाताई तो उचलून आत घेऊन गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या.

"मळ," त्यांनी एवढंच सांगितलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मेश्रामला म्हणाले, "सोमवारपासून या."

नीलाताई म्हणाल्या, "आणि मखमल मोकळी झालीय. यांनाच बसवा तिथे!"

*

एकदा सर ओडिशाहून नमुने घेऊन पुणे स्टेशनवर उतरले. हमालाने बॅग उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"काय साहेब, दगडं भरलीत का काय ह्यात?"

"हो," सर म्हणाले.

हमाल चिडला. "सरळ इचारलं तर सरळ सांगावं माणसानं! पुण्याचंच दिसताय!"

सरांनाही राग आला. इतकं खरं बोलून वर हे! त्यांनी तिथेच, भर प्लॅटफॉर्मवर, बॅगेची चेन उघडून दाखवली. हमाल वाकून बराच वेळ बघत राहिला. मग सरांकडे बघून हळूच म्हणाला,

"म्हंजे पुण्यात कमी पडली व्हय?"

*

सावंतवाडीकडेही मँगनीज आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे मी आणि मेश्राम महिनाभर काट्याकुट्यांतून हिंडलो, नमुने गोळा केले. ते पाठवायला खोकं मिळेना, म्हणून आंब्याच्या रिकाम्या पेटीत भरले आणि पुण्याला येणाऱ्या एका ट्रकवर चढवून दिले. महिना कुठला? एप्रिल! ट्रक कशाचा? आंब्याचा!

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सकाळी नऊ वाजता मार्केट यार्डातून एका व्यापाऱ्याचा फोन. "अहो, पेटीत तुमचा नंबर सापडला. तुमचा हापूस पार काळा पडलाय! आणि सुरी लागत नाही!"

माझा तर जीवच भांड्यात पडला. आमचा महिना वाचला होता. आणि आमच्या जिन्यात जी पेटी येऊन पडली होती, तिचा वास का येत होता तेही कळलं.

सर कडक आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचा माल आहे. कुणी हात लावायचा नाही." मेश्राम रिक्षाने ती पेटी घेऊन मार्केट यार्डला गेला आणि तासाभराने दोन पेट्या घेऊन परत आला! व्यापारी म्हणाला होता, "आंबे तुम्हीच खा. फक्त ती काळी पेटी आधी न्या. माझे हमाल म्हणतायत, करणी आहे कुणाची तरी."

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नमुन्याचं काय झालं ते वहीत लिहायचा नियम आहे. नियम म्हणजे नियम. नीलाताईंच्या सुवाच्य अक्षरातली ती नोंद आजही आहे:

"नमुना पिवळा, मऊ, वास उत्तम. मँगनीज आढळले नाही. संपूर्ण नमुना परीक्षणात वापरला गेला. फेरपरीक्षणाची शिफारस."

*

जखम धुवायला ते फेसाळणारं औषध मिळतं ना, हायड्रोजन पेरॉक्साइड, ते मँगनीजच्या दगडावर टाकलं की जोरात फसफसतं. त्यामुळे आम्ही रानात जाताना ते घेऊन जातो. काळा दगड दिसला की दोन थेंब टाकायचे. फसफसला तर आपला.

आंध्रात, विजयनगरमकडच्या एका गावात आमच्या बाटल्या संपल्या. मी आणि मेश्राम औषधाच्या दुकानात गेलो. मेश्रामने दहा बाटल्या मागितल्या. दुकानदार दचकला. आम्हाला तेलुगू येत नाही, त्याला हिंदी नाही. तोडकंमोडकं इंग्रजी तेवढं दोन्हीकडे.

"ॲक्सिडेंट? हाऊ मेनी पीपल?"

"नो पीपल," मेश्राम म्हणाला, "ओन्ली स्टोन."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला दगड काउंटरवर ठेवला आणि त्याच्याच एका बाटलीतले दोन थेंब टाकले. दगड उकळल्यासारखा फसफसला. दुकानदार दोन पावलं मागे सरला. मग आतून बायकोला बोलावलं. बायको आली, सासूबाई आल्या, औषधाला थांबलेली गिऱ्हाइकंही काउंटरवर वाकली. मी पुन्हा थेंब टाकले. पुन्हा फेस.

दुकानदाराने अत्यंत गंभीरपणे मान हलवली. दहा बाटल्या दिल्या, वर कापसाची एक गुंडाळी स्वतःहून ठेवली, आणि म्हणाला,

"मॅडम, स्टोन इज इन्फेक्टेड. व्हेरी लेट यू केम!"

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक आपटेकाका आहेत. सरकारी कचेरीतून निवृत्त. एकदा ते रुमालात गुंडाळून एक चपटा पांढरा दगड घेऊन आले. त्यावर काळ्या रंगात नाजूक झाड उमटलेलं; खोड, फांद्या, बारीक पानं, सगळं. काकू गेल्या त्याच्या आधीच्या वर्षी दोघं राजस्थान बघायला गेले होते, तेव्हा काकूंनी तो हौसेनं घेतला होता. विकणाऱ्याने सांगितलं होतं, दगडात जिवंत झाड आहे, पाणी घातलं की वाढतं.

"तीन वर्षं रोज सकाळी पाणी शिंपडतोय," काका म्हणाले. "पण वाढ काही दिसत नाही. तुम्ही दगडांतले डॉक्टर, म्हणून आणला."

सर अवघडले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. ते झाड नसतंच. दगडाच्या फटीत मँगनीज मिसळलेलं पाणी झिरपतं आणि अशी नक्षी उमटते. पण हे काकांना सांगायचं कुणी?

नीलाताईंनी भिंग घेऊन दगड नीट पाहिला. मला वाटलं, आता एका शब्दात निकाल! पण त्या म्हणाल्या, "काका, हे मँगनीज आहे. फार सावकाश वाढतं. काही हजार वर्षं तरी लागतील."

काकांनी शांतपणे दगड परत रुमालात गुंडाळला.

"हरकत नाही. मुलाला सांगून ठेवतो!"

*

आता माझा किस्सा. सगळ्यांचे सांगितले आणि स्वतःचा दडवला, असं नको.

माझं लग्न मावशीने जमवलं. तिने हडपसरच्या एका कुटुंबाला फोनवर सांगितलं, मुलगी मँगनीजमध्ये आहे. त्यांनी ऐकलं, मॅनेजमेंटमध्ये आहे!

ते लोक बघायला यायचे त्याच दिवशी सकाळी मी खाणीवरून परतले होते. मँगनीजचा काळा रंग हातावरून सहजासहजी जात नाही. साबण झाला, लिंबू झालं, आईने राखेनेही घासून पाहिलं. शेवटी तशीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. पांढऱ्या कपबश्या, आणि प्रत्येक बशीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा!

मुलाच्या वडिलांनी बशी फिरवून पाहिली, पण विचारलं भलतंच. "मॅनेजमेंट म्हणजे जबाबदारीचं काम. हाताखाली किती आहेत?"

मी गोंधळले. "हाताखाली? दगड."

मावशीने डोळे मिटून घेतले. मी सगळं सांगून टाकलं. मॅनेजमेंट नाही, मँगनीज. महिन्यातले पंधरा दिवस रानात. हात कायम असेच. मनात म्हटलं, संपलं. मुलगा एकटक माझ्या हातांकडे बघत होता. आयटीतला, गोरागोमटा, आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता.

त्याच्या आईने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे दिवसभर दगडांबरोबरच असता आपण? ते काही बोलत नाहीत, हलत नाहीत, तरी कंटाळा येत नाही?"

"नाही येत."

त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हो म्हणून टाका. आपल्या सुहासबरोबर राहायची हिला सवय आहे!"

*

भंडारा जिल्ह्यातल्या एका खाणीत आम्ही उतरलो होतो. उघडी खाण नव्हे, जमिनीखालची. सर, मेश्राम आणि मी. बरोबर खाणीतले सुखदेवजी होते. बारीक, वाकलेला माणूस, हातात लोखंडी पहार. त्यांचं काम एकच: आपण पुढे चालायचं आणि पहारीने डोक्यावरचं छत ठोकत जायचं. ठण्ण वाजलं तर दगड पक्का. भद्द वाजलं तर सुटा.

एका ठिकाणी छताजवळ मँगनीजचा काळा थर छान वळलेला दिसला. सरांना असं काही दिसलं की संपलंच! ते त्याच्याखाली जाऊन उभे राहिले, वही उघडली आणि सांगायला लागले, "हे बघा, हा थर इथे कसा दुमडलाय. आता पस्तीस वर्षांपूर्वी माझं असं म्हणणं होतं..." मेश्राम मान डोलावत होता. मी लिहून घेत होते.

सुखदेवजींनी हात वर केला. सर थांबले नाहीत. सुखदेवजी म्हणाले, "साहेब." सर म्हणाले, "एक मिनिट," आणि पुढे बोलायला लागले.

त्यासरशी सुखदेवजींनी पहार टाकली, सरांचा कमरेचा पट्टा मागून धरला आणि त्यांना असं ओढलं, की दोघंही पाठीवर आदळले. त्याच क्षणी वरून शिळा निखळली. खाटेएवढी असेल. सर जिथे उभे होते, नेमकी तिथे. वही खाली गेली ती गेलीच.

धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मेश्राम नुसताच "सर, सर" म्हणत होता. सर जमिनीवर बसून होते आणि त्यांनी सुखदेवजींची बाही घट्ट धरून ठेवली होती.

वर आलो. कुणीतरी चहा आणून दिला. सर तासभर बोलले नाहीत. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी कप बाजूला ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"सुखदेवजी, आम्ही तिघं तिथे होतो. तिघंही शिकलेले. आम्हाला कुणाला काही कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

सुखदेवजींनी चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला.

"तुम्ही बोलत होते ना जी," ते म्हणाले. "मी ऐकत होतो."